पहिलं पान देवाचं

ही हकिकत मी आजवर अनेक बैठकींत सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी लोक चुकीच्या जागी हसले आहेत. दोष माझा आहे. मी हातवारे फार करतो, आवाज बदलतो, म्यानेजरसाहेबांचं शिंकरणं तर इतकं हुबेहूब करतो की पुढचं कुणाला ऐकूच येत नाही. म्हणून या वेळी ती लिहून काढतो आहे. कागदावर हात बांधलेले राहतात.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या रस्त्यावर कापड रंगवण्याची एक मिल होती, तिथे मी ‘कॉम्प्युटरवाला’ होतो. विदर्भातून आलेला, एक कोर्स केलेला, आणि दिसेल त्या माणसाला गोष्ट सांगत सुटणारा. मिलमध्ये माझी ख्याती अशी होती की मी सांगितलेली निम्मी गोष्ट खरी मानावी, आणि ती निम्मी कोणती हे ज्याचं त्यानं ठरवावं. ही ख्याती मी आनंदाने मिरवत असे. पुढे ती कशी आडवी येणार आहे, याची कल्पना नव्हती.

रंगखात्याचे मास्तर खानदेशातले. गावाकडून तरुणपणी आलेले आणि भेस्तानला घर करून राहिलेले. जेट मशीनमध्ये कापड शिजत असताना मधूनच एक तुकडा कापून काढायचा, तो दाराशी उजेडात धरायचा, शेड कार्डावरच्या नमुन्याशी ताडायचा आणि ‘सोडा’ किंवा ‘थांबा’ म्हणायचं, हे त्यांचं काम. थांबा म्हणाले की थोडा रंग वरून घालायचा. त्याला ॲडिशन म्हणत. ॲडिशन जितकी कमी, तितका मास्तर मोठा. आमच्या मास्तरांना ती क्वचितच लागे. ते बोलायचे कमी. कारखान्यात हिंदी-गुजराती, माझ्याशी मराठी, आणि घरी, किंवा मन भरून आलं तर कुठेही, अहिराणी.

आता माझा भाग. लॅबमध्ये प्रत्येक रंगाची पाककृती ठरे: इतका लाल, इतका पिवळा, इतका निळा. ती लॅबच्या कॉम्प्युटरवर तक्त्यांच्या फाइलींत असे. लाल रंगांची फाइल वेगळी, निळ्यांची वेगळी, हिरव्यांची वेगळी. कापडाचं वजन गोदामाच्या फाइलीत असे. आणि जिथे रंग तोलून कालवतात त्या कलर किचनमध्ये तिसरा कॉम्प्युटर होता. तिन्ही एका तारेने जोडलेले. लॅबला एफ ड्राइव्ह म्हणायचं, गोदामाला जी, किचनला एच. मी एक मॅक्रो लिहिला होता, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या हुकुमांची माळ. एक बटण दाबलं की तो एफच्या दारात जाऊन पाककृती घेई, जीच्या दारात जाऊन वजन घेई, गुणाकार करी आणि एचच्या दारात चिठ्ठी टाकी: लाल इतके ग्रॅम, पिवळा इतके ग्रॅम. किचनवाला तेवढं तोलून देई. मी त्या मॅक्रोला ‘पोस्टमन’ म्हणत असे. बाकीचे त्याला भूत म्हणत.

दिवाळी झाली, लग्नसराई लागली. लग्नसराई म्हणजे लाल. कुंकवाचा लाल, डाळिंबी, राणी, मरून. आणि नेमका लालच बिघडू लागला.

फार नाही बिघडला. तीच तर पंचाईत होती. काळा पडला असता, हिरवा आला असता, तर सगळे मशीनकडे धावले असते. पण तो यायचा जवळपास बरोबर. डाळिंबी मागितला तर डाळिंबीचा धाकटा भाऊ यायचा. मास्तर तुकडा उजेडात धरत, कपाळाला आठी घालत, ‘थांबा’ म्हणत, ॲडिशन करत, पुन्हा बघत. एके काळी एका नजरेत सुटणारा लॉट आता तीन-तीनदा थांबे. काही लॉट व्यापाऱ्याकडून परत आले. निळे, हिरवे, पिवळे सगळे ठीक. फक्त लाल.

आणि मग कुणीतरी ते बोललं. कोण बोललं ते कळलं नाही, पण दुपारच्या चहापर्यंत ते सगळ्या मिलभर झालं होतं: मास्तरांचा लाल गेला. म्हणजे डोळ्यातला.

“मास्टर, रिंग रोड के सिग्नल पे संभलना हां,” मशीनवरचा एकजण म्हणाला. “लाल में निकल जाओगे.”

सगळे हसले. मीही हसलो असेन. मास्तरसुद्धा हसले. पण त्यानंतर त्यांनी तुकडा बघायची पद्धत बदलली. पूर्वी एका हाताने धरत, आता दोन्ही हातांनी. पूर्वी दाराशी बघत, आता दाराबाहेर जात, उन्हात, आणि पाठ आमच्याकडे करून बघत.

म्यानेजरसाहेब दुष्ट नव्हते. गुजराती गृहस्थ, पोटाचे नाजूक, खिशात कायम ॲसिडिटीच्या गोळ्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, “तेरा कॉम्प्युटर झूठ बोलता है?”

“साहेब, कॉम्प्युटर माझ्यासारखा नाही,” मी म्हणालो. “त्याला खोटं बोलता येत नाही.”

“तो फिर मास्टर की आंख.”

वाक्य मी विनोदाने बोललो होतो आणि त्याचा निकाल झाला होता. मी म्हटलं, मला थोडी मुदत द्या, एकदा सगळ्या तारा तपासतो.

आणि खरोखर दोष सापडला! दिवाळीच्या साफसफाईत सगळे कॉम्प्युटर सुटे करून पुसले होते, पूजेला एका रांगेत मांडले होते, पडद्यांवर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते, आणि मग जसे जमतील तसे पुन्हा जोडले होते. जोडताना किचनच्या कॉम्प्युटरवर दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती. त्याच्या दृष्टीने गोदाम एच आणि स्वतः जी. पोस्टमन बिचारा पत्ता बघून जात होता आणि घरांवरच्या पाट्याच बदललेल्या. त्यामुळे कधीकधी तो जुन्या चिठ्ठीलाच वजन समजत होता. मग निळे-हिरवे ठीक कसे, हे विचारायचं मला त्या उत्साहात सुचलं नाही. मी अक्षरं जागेवर बसवली आणि मग जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच केलं. किचनच्या दाराबाहेरच्या एका रिकाम्या ड्रमवर उभा राहिलो आणि जाहीर केलं, “सज्जनहो, मास्तरांचे डोळे ठणठणीत आहेत! आजारी होता तो माझा पोस्टमन. त्याला औषध दिलं आहे!”

टाळ्या पडल्या. मास्तरांनी खालमानेने ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला.

दुसऱ्या दिवशी पहिलाच लॉट डाळिंबीचा होता. तो पुन्हा धाकटा भाऊ निघाला.

त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. सगळे फार चांगले वागले. मास्तर माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, “भाऊ, तुम्ही माझ्यासाठी खटपट करू नका. वय झालं की होतं.” संध्याकाळी म्यानेजरसाहेबांनी त्यांना सांगितलं की सोमवारपासून दुसरा मास्टर येईल, आपण फोल्डिंग सांभाळा, बसून काम आहे, आराम आहे. फोल्डिंग म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालण्याचं खातं. तिथे रंग बघावा लागत नाही.

मास्तर “हो जी” म्हणाले. आणि निघताना म्हणाले, “साहेब, उद्या चंपाषष्ठी आहे. दरवर्षीसारखं जेवायला यायचं.”

साहेबांना नाही म्हणता आलं नाही. मला तर म्हणायचंच नव्हतं.

चंपाषष्ठीला मास्तरांच्या घरी खंडोबाची तळी भरत. भंडारा उधळला जाई, येळकोटाचा गजर होई आणि मग पंगत. वांग्याचं भरीत आणि भाकरी. खानदेशी भरीत हे काय प्रकरण आहे ते ज्यांनी खाल्लं आहे त्यांना सांगायला नको. हिरव्या मिरच्या वांग्याबरोबरच भाजून ठेचतात, आणि मिरची किती असं विचारणाऱ्याला परका समजतात. पण मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, साहेबांचं पोट ओळखून होत्या. त्यांनी साहेबांसाठी एका वाटीत बिनमिरचीचं भरीत वेगळं काढून ठेवलं होतं आणि वाढायला उभ्या राहिलेल्या आपल्या भावाला बजावलं होतं, “तिसरं पान साहेबनं. त्यास्ले हाई वाढजो.”

आम्ही भिंतीकडेने बसलो. पत्रावळी मांडलेल्या. पहिले बसले मास्तरांचे भावकीतले एक म्हातारे बाबा, मग मी, मग साहेब, मग बाकीची मंडळी. मास्तर पंगतीत फिरत होते, आग्रह करत होते. सोमवारची गोष्ट घरात सांगितलेली नव्हती, हे काकूंच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कपाळभर कुंकू लावून त्या साहेबांना म्हणत होत्या, “आमचे हे मिलचं नाव काढल्याशिवाय जेवत नाहीत.” साहेब पत्रावळीकडे बघत होते.

मी भरिताचा घास घेतला. मिळमिळीत. मनात आलं, अरेरे, दुःखाने या घराची मिरचीसुद्धा गेली.

तेवढ्यात शेजारी आवाज झाला. साहेब लालबुंद झाले होते. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, एक हात हवेत. (इथे मी बैठकीत जे करतो ते कागदावर करता येत नाही.) “मास्टरजी,” ते कसंबसं म्हणाले, “ये बैंगन है कि तेजाब?”

पळापळ झाली. ताक आलं, गूळ आला. काकू भावावर कडाडल्या, “काय वाढं रे तू? तिसरं पान सांगेल व्हतं ना तुले!”

“तिसरंच वाढं मी,” भाऊही पेटला. “मोज ना! एक, दोन, तीन!” आणि त्याने बोट दाखवत मोजलं. पहिलं बोट त्याने पंगतीच्या टोकाला, देव्हाऱ्यासमोर मांडलेल्या पानावर ठेवलं. नैवेद्याच्या. दुसरं म्हाताऱ्या बाबांवर. तिसरं माझ्यावर.

“देवनं पान मोजतस का रे, येड्या?”

“पान ते पान! मांडेल से ना?”

“अरे, ते देवनं! माणसंस्नं त्याना पुढे सुरू व्हस!”

पंगत हसत होती. साहेबही ताक पीत हसायला लागले होते. मी हसलो नाही, आणि मी हसलो नाही हे मास्तरांनी पाहिलं, कारण ते माझ्याकडे वळून म्हणाले, “काय झालं भाऊ, तुम्हालाही तिखट लागलं?”

मी म्हणालो, “नाही. मला तुमच्या साहेबांचं पान मिळालं.”

असं काहीतरी मी पाहिलं होतं. कुठेतरी एका रांगेच्या टोकाला देवाचं पान मांडलेलं मी पाहिलं होतं, रोज पाहिलं होतं, आणि मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिल उघडताच मी लॅबमध्ये गेलो आणि लालची फाइल उघडली. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, मधोमध, इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: SHREE.

त्याच्याखाली मथळे. त्याच्याखाली शेड एक, शेड दोन, शेड तीन.

माझा पोस्टमन वाचत नसे, मोजत असे. त्याला मी शिकवलं होतं की पहिली ओळ मथळ्यांची, मग शेडचा जो नंबर असेल त्यात एक मिळवून त्या ओळीवर जा. एक्केचाळीस हवा तर बेचाळिसाव्या ओळीवर. पण वर श्री बसल्यामुळे सगळी पंगत एक पान खाली सरकली होती. बेचाळिसाव्या ओळीवर आता चाळीस नंबर होता. आणि शेड कार्डात चाळीस आणि एक्केचाळीस सख्खे शेजारी. एक डाळिंबी, दुसरा त्याचा धाकटा भाऊ. चिठ्ठीवर नुसते ग्रॅम उमटत, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. लॅबने फाइल उघडून पाहिली तर एक्केचाळीससमोर एक्केचाळीसच.

आणि मी? मीसुद्धा ती फाइल कितीतरी वेळा उघडली होती. पण शाळेत पहिली रेघ आखल्यापासून ज्याने प्रत्येक कागदाच्या डोक्यावर श्री पाहिला आहे, त्याला तो दिसत नाही. तो नसता तर दिसला असता.

लॅबचे प्रमुख म्हणजे एक गुजराती काका होते, निवृत्तीला टेकलेले. मी त्यांना विचारलं, हे तुम्ही लिहिलं?

“लाभपांचमने दिवसे,” ते अभिमानाने म्हणाले. दिवाळीनंतरची पंचमी, गुजराती व्यापाऱ्यांचा नव्या वह्या उघडण्याचा मुहूर्त. “श्री लख्या वगर नवो चोपडो खोलाय के?”

“मग निळ्यात का नाही लिहिलं? हिरव्यात?”

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. नवं वर्ष कोणी निळ्याने सुरू करतं का? लाल उघडली, श्री लिहिला, मुहूर्त झाला. बाकीच्या फाइली आपोआप त्यात आल्या.

मी म्हणालो, “काका, हा पुसावा लागेल.”

“पुसा,” ते म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून उभे राहिले.

मी खुर्चीवर बसलो. बोट बटणावर नेलं. आता मी काही मोठा भाविक नाही. पण श्रीवर चौकोन आणून पुसण्याचं बटण दाबायचं, आणि तेही समोर कुंकवाचा स्वस्तिक असलेल्या पडद्यावर, हे जमेना. काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते. शेवटी मी श्री तसाच ठेवला आणि पोस्टमनलाच वळण लावलं: वरून मोजू नकोस, शेडचा नंबर शोध, तो जिथे सापडेल तिथून उचल. मग देवाचं पान असो वा नसो, माणसाच्या पानावर माणसाचंच वाढलं जाईल.

पहिला लॉट डाळिंबीचाच लावला. एका नजरेत सुटला. म्यानेजरसाहेबांनी स्वतः येऊन पाहिलं, श्रीसमोर नकळत हात जोडले, आणि सोमवारचा माणूस येऊ नये म्हणून फोन केला.

इथे गोष्ट संपते असं बैठकीत सगळ्यांना वाटतं. लोक टाळ्या देतात, पान मागवतात. पण मास्तर आले नव्हते ना बघायला. ते जेट मशीनमागे उभे होते.

मी गेलो, सगळं रंगवून सांगितलं, पंगत, पान, श्री. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “भाऊ, गोष्ट फार चांगली केलीत.”

“गोष्ट नाही मास्तर, खरं आहे.”

“तुमचं मन मोठं आहे. मागच्या वेळीही ड्रमवर चढून म्हणालात, डोळे ठणठणीत. आता देवाला मधी आणलं.” ते बाहेर बघत होते. “साहेब मानले, नोकरी ऱ्हायनी. माझ्या मुलीचं लगीन व्हईल. पण माले खरं सांग. मन्हा डोया गया ना?”

त्यांनी मला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. शपथ घेतली असती तरी ती माझीच शपथ होती.

मी लॅबमध्ये परत गेलो. काकांना सांगितलं, दोन लहान तुकडे रंगवून द्या, छोट्या भांड्यात, एक चाळीसचा आणि एक एक्केचाळीसचा. त्यांच्या मागे काही लिहू नका. सगळं सोडून स्वतः उभं राहून त्यांनी ते केलं, दोन्ही वाळवले, आणि मला दिले. कोणता कोणता हे मी विचारलं नाही. मला खरंच ओळखता येत नव्हते. दोन्ही डाळिंबी. मास्तरांच्या हातात देताना माझे हात गप्प होते. मी तोंडाने काही सांगितलं नाही आणि डोळ्यांनीही नाही, कारण मला माहीतच नव्हतं.

मास्तर दाराशी गेले. बाहेर नाही, दाराशीच. एका हातात दोन्ही तुकडे धरले. क्षणभर. दुसरी वेळ बघितलंही नाही.

“हाऊ तुमचा एक्केचाळीस,” ते म्हणाले. “आणि हाऊ, जो महिनाभर माले छळत होता तो.”

काका माझ्या मागोमाग येऊन उभे होते. त्यांनी मान हलवली.

मास्तर जवळच्या ड्रमवर बसले, त्याच ड्रमवर ज्याच्यावर मी भाषण केलं होतं. तुकडे मांडीवर ठेवले आणि ते हाताने सरळ करत राहिले, जणू घडी घालायची आहे. मशीनचा आवाज चालू होता. मग बोलले, तेही त्या तुकड्यांशीच.

“महिनाभर रोज सकाळी मी घरातल्या बाईला दारात उभं करतो. म्हणतो, कुंकू इथं, उजेडात लाव. ती लावते. मी बघतो. लाल दिसतो का, तेवढंच बघतो. लाल दिसतो तवा मिलमध्ये येतो, आणि मिलमध्ये तो परत जातो. तिला वाटतं, या वयात नवऱ्याला प्रेम सुचलं. लाजते. शेजारणीला सांगते. तुम्ही तिले काही सांगू नका, भाऊ.”

मी म्हणालो, नाही सांगणार. आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण सांगितलं नाही. एवढी चांगली गोष्ट मी काकूंच्या हयातीत कुठल्याच बैठकीत सांगितली नाही.

पुढच्या चंपाषष्ठीला पुन्हा पंगत बसली. साहेब होते, मीही होतो. काकूंच्या भावाने देव्हाऱ्यासमोरच्या पानाला हात जोडले, त्याला ओलांडून पुढे आला आणि मोठ्याने मोजत वाढू लागला, “एक! दोन! तीन!” साहेबांना बिनमिरचीचं मिळालं, माझं तोंड पेटलं. काकू ताक वाढायला वाकल्या तेव्हा त्यांनी मास्तरांकडे बघून मला म्हटलं, “आते बी रोज सकायले दारात उभी करतस. देखतस. काय देखतस, त्यास्ले म्हाईत.”

मास्तर पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी ऐकलं असावं. ते भाकरी वाढत राहिले.